मतदार स्वतःला एखाद्या पक्षाचा का म्हणवतो : गावपातळीवर शोध घेण्याची एक रीत

निवडणुकीचा निकाल लागला की कोणाला किती मते पडली हे कोणीही सांगू शकते. परंतु एखादा माणूस निवडणूक नसतानाही वर्षानुवर्षे स्वतःला 'काँग्रेसचा', 'शिवसैनिक', 'शेकापचा' (शेतकरी कामगार पक्षाचा) किंवा 'आंबेडकरवादी' का म्हणवून घेतो, याचे उत्तर मतमोजणीतून मिळत नाही. त्यासाठी माणसांशी बोलावे लागते, आणि ते बोलणे एका विशिष्ट क्रमाने व थोड्या सावधपणाने करावे लागते. राज्यशास्त्राचे विद्यार्थी, तालुक्याचे वार्ताहर आणि आपल्या भागाचे राजकारण नीट समजून घेऊ इच्छिणारे कार्यकर्ते यांच्यासाठी ती रीत येथे मांडली आहे. उदाहरणे बहुतेक महाराष्ट्रातील आहेत, एक गोव्याचे आहे.

या सगळ्या पद्धतीमागचे गृहीत आधीच सांगून टाकतो. बहुसंख्य मतदार जाहीरनामे ताडून पक्ष निवडत नाहीत. ते आधी कोणत्या तरी माणसांच्या बाजूने उभे राहिलेले असतात आणि त्या उभे राहण्याची कारणे मागाहून गोळा होतात. हे गृहीत मान्य नसेल तरी चालेल, कारण खाली दिलेल्या प्रश्नांतून ते खोटेही ठरू शकते. मात्र त्यामुळेच 'का' हा प्रश्न या पद्धतीत सर्वांत शेवटी येतो.

तीन गोष्टी आधी वेगळ्या करा

मत, जवळीक आणि विचाराचे नाव या तीन निराळ्या गोष्टी आहेत आणि नोंदवहीत त्यांचे रकाने निराळे असले पाहिजेत. मत म्हणजे एका दिवशी दाबलेले बटण. जवळीक म्हणजे एखाद्या पक्षाविषयीची टिकाऊ आपुलकी, जी मत दुसरीकडे गेले तरी शिल्लक राहू शकते. विचाराचे नाव म्हणजे 'हिंदुत्ववादी', 'पुरोगामी', 'समाजवादी' यांसारखी ओळख, जी पक्षाशी जुळेलच असे नाही.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते २०२४ या एकाच वर्षात महाराष्ट्राने दाखवून दिले. लोकसभेच्या ४८ जागांपैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या २८८ जागांपैकी २३० जागा महायुतीच्या तीन मुख्य पक्षांकडे गेल्या. सहा महिन्यांत लाखो लोकांनी आपली राजकीय ओळखच बदलली असे मानणे कठीण आहे. काही मते इकडची तिकडे गेली, काही लोक एका वेळी घरी बसले व दुसऱ्या वेळी बाहेर पडले, आणि मतांतील मर्यादित बदलाचे जागांमध्ये फार मोठे अंतर झाले. ओळख मात्र यापेक्षा बरीच संथपणे बदलते.

घराबाहेर पडण्यापूर्वीची तयारी

ज्या मतदान केंद्राच्या भागात काम करायचे आहे त्याचे मागील तीन-चार निवडणुकांचे आकडे आधी मिळवा. प्रत्येक विधानसभा मतदारसंघाचा केंद्रनिहाय निकाल 'नमुना २०' या तक्त्यात असतो. २००८ च्या पुनर्रचनेत मतदारसंघांच्या सीमा बदलल्या आणि २००९ पासून नव्या सीमांवर निवडणुका होऊ लागल्या. त्यामुळे त्याआधीचे मतदारसंघाचे आकडे जसेच्या तसे शेजारी ठेवू नका. मतदार याद्यांचे भाग आणि केंद्रांचे क्रमांकही अधूनमधून बदलतात, म्हणून क्रमांकापेक्षा वस्तीचे नाव पाहा.

ग्रामपंचायतीच्या निकालावरून पक्षाविषयी निष्कर्ष काढण्याचा मोह टाळा. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, ती पॅनेलवर होते. निकालानंतर सगळेच पक्ष तेच सरपंच आपले असल्याचा दावा करतात, आणि त्या दाव्यांची बेरीज एकूण ग्रामपंचायतींपेक्षा जास्त भरते, हा दर वेळचा विनोद आहे. तरीही पॅनेलची नावे व त्यांचे पुढारी टिपून ठेवावेत. गावात जी ओळख 'पक्ष' म्हणून सांगितली जाते ती पुष्कळदा अशा गटाची ओळख असते.

त्याबरोबर चिन्हांची एक छोटी कालरेषा तयार ठेवा. काँग्रेसची बैलजोडी १९६९ च्या फुटीनंतर गेली, मग गाय-वासरू आले आणि १९७८ पासून हाताचा पंजा. जनसंघाची पणती, १९७७ चा जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी, १९८० नंतर भाजपचे कमळ. वृद्ध मतदारांना वर्षे आठवत नाहीत, चिन्हे आठवतात. 'बैलजोडीच्या वेळी' असे कोणी म्हणाले की त्या वाक्याचा काळ तुम्हाला तेथल्या तेथे कळला पाहिजे.

कोणाला विचारायचे

पारावर किंवा चहाच्या टपरीवर बसलेल्या मंडळींना विचारणे सोपे असते आणि नेमके म्हणूनच अपुरे असते. तेथे बसणारे लोक राजकारणात रस असणारे, बहुतेक पुरुष आणि एकमेकांचे ऐकून बोलणारे असतात. मतदार यादीच्या भागातून ठरावीक अंतराने नावे काढा, जसे की प्रत्येक विसावे नाव, आणि त्याच व्यक्तीला भेटा. ती व्यक्ती घरी नसेल तर पुन्हा जा, शेजारच्याला विचारून वेळ मारून नेऊ नका. ऊसतोडीला गेलेली किंवा मुंबई-पुण्याला कामाला असलेली माणसे यादीत असतात पण गावात नसतात. त्यांच्यासाठी दिवाळी, यात्रा किंवा लग्नसराईचा काळ धरावा.

स्त्रियांशी शक्यतो एकटे असताना, आणि जमल्यास स्त्री सहकाऱ्याने बोलावे. नवरा किंवा सासरा शेजारी बसला असेल तर मिळणारे उत्तर घराचे असते. ते घराचे उत्तरही टिपण्यासारखे आहे, परंतु वेगळ्या रकान्यात.

नाव लिहून घेऊ नका, वय, वस्ती व व्यवसाय एवढे पुरेसे आहे. मतदान गुप्त असते, ते सांगण्याची सक्ती कोणावर नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगा. निवडणूक जाहीर झाल्यानंतर हे काम हाती घेऊ नका. कायद्याने मतदानोत्तर चाचण्यांवर व मतदानापूर्वीच्या ४८ तासांत अंदाज प्रसिद्ध करण्यावर निर्बंध आहेतच, पण त्याहून मोठी अडचण अशी की त्या काळात प्रत्येक अनोळखी माणूस कोणाचा तरी हेर समजला जातो.

प्रश्नांचा क्रम

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९५२ पासून एक साधा प्रश्न रुजवला : सर्वसाधारणपणे तुम्ही स्वतःला रिपब्लिकन समजता, डेमोक्रॅट समजता, की अपक्ष? त्यांना असे आढळले की ही ओळख बहुतेकांना घरातून मिळते, तरुणपणी पक्की होते आणि मग बातम्या कोणत्या चष्म्यातून पाहायच्या हे तीच ठरवते. पुढे काही अभ्यासकांनी याला उत्तर दिले की मतदार सरकारांच्या कामगिरीचा हिशेब मनात मांडत असतो आणि पक्षाविषयीची आपुलकी म्हणजे त्या खात्यावरची आजची शिल्लक. आपल्याकडे दोन्ही प्रकारची माणसे भेटतात, आणि एकाच माणसात दोन्ही प्रकार भेटतात. प्रश्न असे हवेत की त्यातून हे दोन्ही वेगळे दिसावेत.

पहिला प्रश्न जवळिकीचा. दिल्लीच्या विकासशील समाज अध्ययन पीठाचा 'लोकनीती' हा गट आपल्या सर्वेक्षणांत असाच प्रश्न विचारत आला आहे. गावच्या भाषेत तो असा विचारता येतो : 'काका, मत कुणाला दिलं ते सांगू नका. पण एखादा पक्ष आपला वाटतो, असं काही आहे का?' उत्तर 'नाही' आले तर ते तसेच स्वीकारा. पुन्हा पुन्हा विचारून जवळीक निर्माण करू नका. 'हो' आले तर ती जवळीक किती घट्ट आहे हे विचारण्याऐवजी कृती विचारा : वर्गणी दिली आहे का, पत्रके वाटली का, सभेला स्वतःच्या खर्चाने गेलात का, मुलाच्या लग्नपत्रिकेत पुढाऱ्याचे नाव घातले होते का. हा शेवटचा प्रश्न हसत विचारावा, परंतु त्याचे उत्तर फार बोलके असते.

दुसरा प्रश्न सुरुवातीचा. 'तुमच्या घरात वडिलांच्या वेळी कुठल्या चिन्हावर शिक्का मारायचे?' 'तुम्ही पहिल्यांदा मत दिलं तेव्हा कुणी सांगितलं होतं?' येथे घाई करू नका, कारण सर्वांत समृद्ध माहिती याच टप्प्यावर मिळते. कोणी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील आजोबांचा उल्लेख करील, कोणी गिरणी संपाच्या काळातील चाळीचा, कोणी नामांतराच्या दंगलीत जळालेल्या घराचा. ओळख घरातून आली, शेजारातून आली, की एखाद्या घटनेने घडवली, हे येथे कळते. सासरी आल्यावर पक्ष बदलला का, हे विवाहित स्त्रियांना अवश्य विचारा. माहेरची जवळीक आणि सासरचे मत अशी विभागणी अनेकींच्या बोलण्यात सापडते, आणि त्या ती कोणताही संकोच न करता सांगतात.

तिसरा प्रश्न नकाराचा. 'कुठल्या पक्षाला काही झालं तरी मत देणार नाही?' पुष्कळ लोकांना आपला पक्ष सांगता येत नाही, परंतु परका पक्ष लगेच सांगता येतो. नकार ही क्षुल्लक गोष्ट नाही. सामाजिक मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगांत अगदी किरकोळ निमित्ताने मुलांचे दोन गट पाडले होते. मुलांना आपल्या गटात आणखी कोण आहे हेही ठाऊक नव्हते. तरीही बक्षिसाचे पैसे वाटताना ती आपल्या गटाला झुकते माप देत होती, इतकेच नव्हे तर दुसऱ्या गटापेक्षा आपण वरचढ राहावे यासाठी प्रसंगी आपल्याच गटाचा थोडा तोटाही पत्करत होती. गावातील दोन गटांमध्ये बांधाचे, पाण्याच्या पाळीचे आणि सोसायटीच्या कर्जाचे खरे वाद असतात. तेथे हा पक्षपात किती पटींनी वाढत असेल याचा विचार करावा.

चौथा प्रश्न फुटीचा, आणि तो विचारण्याची अशी संधी महाराष्ट्राबाहेरच्या अभ्यासकांना क्वचितच मिळते. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी नाव व धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले आणि उद्धव ठाकरे यांच्या पक्षाकडे मशाल राहिली. राष्ट्रवादी काँग्रेस जुलै २०२३ मध्ये फुटली. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी नाव व घड्याळ अजित पवार यांच्याकडे गेले आणि शरद पवार यांच्या पक्षाला तुतारी वाजवणारा माणूस हे चिन्ह मिळाले. एरवी पक्षाचे नाव, चिन्ह, संस्थापक नेता, स्थानिक आमदार आणि शाखा एकत्रच असतात, त्यामुळे मतदाराची जवळीक त्यांपैकी नेमकी कशाशी आहे हे कळायला मार्ग नसतो. येथे त्या पाच गोष्टी सुट्या झाल्या. म्हणून विचारा : 'पक्ष फुटला तेव्हा तुम्ही कुठल्या बाजूला गेलात? तुमचा आमदार कुठं गेला? शाखाप्रमुख कुठं गेला? चिन्ह बदललं याचं काही वाटलं का?' आमदार, शाखाप्रमुख व चिन्ह यांच्या वाटा वेगळ्या झाल्या असतील आणि मतदार त्यांपैकी एकाच्या मागे गेला असेल, तर तुम्हाला हवे ते उत्तर मिळाले.

चिन्हाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ज्याला लोक पिपाणी म्हणू लागले ते तुतारी नावाचे मुक्त (कोणत्याही पक्षासाठी राखीव नसलेले) चिन्ह काही अपक्षांना मिळाले. दिंडोरीत अशा एका अपक्षाला सुमारे १ लाख ३ हजार मते पडली. त्याचे आडनावही शरद पवार यांच्या पक्षाच्या उमेदवारासारखे होते. साताऱ्यात त्या चिन्हावरील अपक्षाला सुमारे ३७ हजार मते मिळाली आणि शरद पवार यांच्या पक्षाचा उमेदवार सुमारे ३२ हजारांनी पडला. ही सगळी मते चुकून पडली असे म्हणता येणार नाही, परंतु बहुसंख्य मतांचे दुसरे स्पष्टीकरण सुचत नाही. यावरून मतदार अडाणी आहेत असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की हे मतदार कित्येक वर्षांचे घड्याळ सोडून, अवघ्या काही आठवड्यांपूर्वी मिळालेले नवे चिन्ह शोधत होते. कोणाच्या बाजूने उभे राहायचे याविषयी त्यांच्या मनात गोंधळ नव्हता, गोंधळ यंत्रावरील चित्राचा होता.

पाचवा प्रश्न हिशेबाचा. योजना, रस्ता, कर्जमाफी, पीकविमा यांविषयी येथे विचारावे, त्याआधी नाही. २०२४ च्या विधानसभेपूर्वी सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये ज्यांना मिळाले त्यांना दोन स्वतंत्र प्रश्न करावेत : पैसे कोणी दिले असे वाटते, आणि त्यामुळे तो पक्ष आपला वाटू लागला का. पहिल्या प्रश्नाला सरकार, मुख्यमंत्री, किंवा 'आमचेच पैसे' अशी उत्तरे येतात. दुसऱ्या प्रश्नाचे 'हो' आणि 'मत दिलं, पण आपला नाही' या दोन उत्तरांत जे अंतर आहे तेच मत व ओळख यांतील अंतर.

सर्वांत शेवटी 'का' विचारा. तोपर्यंत बोलणारा मोकळा झालेला असतो आणि 'विकास', 'देशहित', 'शेतकऱ्यांचा पक्ष' ही तयार उत्तरे देण्याऐवजी मघाशी स्वतःच सांगितलेल्या गोष्टींकडे वळतो. तरीही तयार उत्तर आले तर तेही लिहा. कोणत्या पक्षाचे लोक कोणते तयार उत्तर देतात, हीही माहितीच आहे.

मुळे कोठे शोधायची

उत्तरे हाती आल्यावर त्यांत काही ओळखीची मुळे दिसू लागतात. सर्वांत जास्त वेळ संस्थांना द्यावा, कारण महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पक्ष हा पक्षकार्यालयात क्वचितच भेटतो. तो साखर कारखान्यात, जिल्हा बँकेत, दूध संघात आणि शिक्षण संस्थेत भेटतो. उसाची तोड वेळेवर मिळणे, मुलाला संस्थेत नोकरी लागणे, दवाखान्यात ओळखीने खाट मिळणे, या सगळ्यांतून जी निष्ठा तयार होते तिला पक्षाचे नाव असते, पण तिचा मालक संस्थेचा पुढारी असतो. अशा संस्थांचे पुढारी राधाकृष्ण विखे पाटील शिर्डीतून १९९९ मध्ये शिवसेनेकडून, २००४, २००९ व २०१४ मध्ये काँग्रेसकडून आणि २०१९ व २०२४ मध्ये भाजपकडून निवडून आले. तेथील ज्या मतदारांनी या सर्व वेळी त्यांना मत दिले त्यांची ओळख दोनदा बदलली, असे म्हणण्यापेक्षा ती एकदाही बदलली नाही असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

याच्या उलट टोकाला सोलापूर जिल्ह्यातील सांगोला आहे. गणपतराव देशमुख १९६२ मध्ये तेथून पहिल्यांदा निवडून आले, १९७२ व १९९५ चे पराभव सोडता पुन्हा पुन्हा येत राहिले, आणि एकाच मतदारसंघातून, एकाच शेतकरी कामगार पक्षाकडून ११ वेळा आमदार झाले. ते उभे नव्हते तेव्हा, २०१९ मध्ये, शेकापची जागा अगदी थोडक्यात गेली, आणि २०२४ मध्ये त्यांच्याच नातवाने ती पक्षाला परत मिळवून दिली. हा लाल बावट्याचा मतदार, आबासाहेबांचा (म्हणजे गणपतरावांचा) मतदार, की देशमुखांच्या घराचा मतदार? विधानसभेच्या आकड्यांवरून ते सांगता येणार नाही. अशा ठिकाणी जिल्हा परिषद व पंचायत समितीच्या निवडणुकांत, जेथे देशमुख स्वतः उभे नव्हते, त्याच केंद्रांवर शेकापच्या चिन्हाला किती मते पडली ते तपासावे. अलिबाग-पेण भागातील शेकापविषयीही हीच कसोटी लावता येते.

समाजाच्या आत्मसन्मानाशी जोडलेली ओळख यापेक्षा वेगळी वागते. रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झाला आणि पुढे नेत्यांच्या नावांच्या इतक्या गटांत विभागला की सामान्य माणसाने त्यांची यादी सांगणे सोडून दिले. तरीही निळ्या झेंड्याशी असलेली ओळख विभागली गेली नाही. असा मतदार एका निवडणुकीत काँग्रेसला, दुसऱ्या निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीला मत देतो, आणि तरी दोन्ही वेळी स्वतःला आंबेडकरवादीच म्हणवतो. त्याला धरसोड करणारा म्हणणे म्हणजे मत व ओळख यांचे रकाने पुन्हा एकत्र करणे होय.

शिवसेनेच्या बाबतीत शाखा हे मूळ वेगळे नोंदवावे. १९ जून १९६६ रोजी स्थापन झालेल्या या संघटनेने मुंबई-ठाण्यात नळाच्या तक्रारीपासून रुग्णवाहिकेपर्यंतची कामे शाखेतून केली. ज्या मुलाला त्या वयात दुसरी कोणतीही ओळख मिळत नव्हती त्याला 'सैनिक' ही ओळख तेथे मिळाली.

विचाराचे नाव कसे तपासायचे

विचारसरणीचा प्रश्न पक्षाच्या प्रश्नांत मिसळू नये. आधी मुद्दे विचारा : आरक्षण कोणाला असावे, जमीन सरकारने प्रकल्पासाठी घ्यावी का, आंतरजातीय लग्न घरात चालेल का, धर्मांतराविषयी काय वाटते, शेतमालाचा भाव बाजाराने ठरवावा की सरकारने. नाव शेवटी विचारा. क्रम उलटा केला तर माणूस आधी सांगितलेल्या नावाला शोभतील अशी उत्तरे देऊ लागतो.

फिलिप कॉन्व्हर्स या अभ्यासकाने १९६४ मध्ये दाखवून दिले की अमेरिकेतील सामान्य मतदारांपैकी फारच थोड्यांची मते उदारमतवादी-परंपरावादी या रेषेवर सुसंगतपणे बसतात. आपल्याकडे डावे-उजवे ही विभागणी तर आणखीच कमी उपयोगाची आहे. धर्माच्या प्रश्नावर स्वतःला हिंदुत्ववादी म्हणणारा शेतकरी हमीभावाच्या प्रश्नावर कम्युनिस्टासारखे बोलतो, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही. ती विसंगती आहे असे त्याला पटवून देत बसू नका, तुम्ही प्रचाराला गेलेले नाही. विचाराचे नाव पुष्कळदा 'मी कोणत्या लोकांत मोडतो आणि कोणत्या लोकांत मोडत नाही' हे सांगण्यासाठी वापरले जाते. म्हणून विचारा : 'पुरोगामी म्हणजे कोण? तुमच्या ओळखीतलं एक उदाहरण द्या.' व्याख्या मागितली तर पुस्तकी वाक्य मिळते, उदाहरण मागितले तर माणसे मिळतात.

नाव आणि धोरण किती सैल बांधलेले असतात याचे उत्तम उदाहरण गोव्यात सापडते. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने (मगोप) डिसेंबर १९६३ ची पहिली निवडणूक गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण करण्याच्या भूमिकेवर लढवली आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोमंतकीयांनी विलीनीकरण नाकारले. ज्या मुद्द्यासाठी पक्ष जन्मला तोच संपला, आणि तरीही त्यानंतर दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत मगोप पुन्हा सत्तेवर आला व १९७९ पर्यंत सत्तेत राहिला. कुळे, बहुजन समाज, भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव काढलेल्या मराठी शाळा या सगळ्यांशी जोडलेली आपुलकी विलीनीकरणाच्या प्रश्नावर अवलंबून नव्हती. ज्यांना पक्षाचे नाव हेच पक्षाचे कारण वाटते त्यांनी हे उदाहरण टेबलावर लिहून ठेवावे.

शेतकरी संघटनेची गोष्ट याच्या उलट आहे. १९८० च्या आंदोलनांपासून छातीवर बिल्ला लावणारे लाखो शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांच्या सभांना आले. त्यांना जोशी यांची मांडणी समजली होती, आणि अनेक जण शेतमालाच्या भावाचे अर्थशास्त्र आजही उत्तम सांगतात. परंतु १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष निघाला तेव्हा तो प्रतिसाद मतपेटीत उतरला नाही. बिल्ल्याची ओळख खरी होती, तिने फक्त गटाच्या ओळखीची जागा घेतली नव्हती. असे वृद्ध शेतकरी भेटले तर त्यांना आंदोलनाचे आणि मतदानाचे वर्ष शेजारी शेजारी ठेवून विचारा. बहुतेक जण प्रांजळपणे उत्तर देतात.

नोंदी आणि पडताळणी

चाळीस मुलाखतींची टक्केवारी काढू नये. 'बहुतेक', 'काही', 'दोघा-तिघांनी' असे शब्द वापरले तर लेखन अधिक प्रामाणिक होते. मुलाखती शंभरच्या वर आणि यादीतून नीट निवडलेल्या असतील तरच आकडे द्यावेत.

निकालानंतर जिंकलेल्याला मत दिल्याचे सांगणाऱ्यांची संख्या नेहमी फुगते, म्हणून मताविषयीचे उत्तर नमुना २० मधील त्या केंद्राच्या आकड्याशी ताडून पाहा. फरक मोठा असेल तर माणसे खोटे बोलतात असे लिहिण्यापूर्वी तुमच्यासोबत कोण होते, तुम्ही कोणाच्या गाडीतून गावात आलात, हे आठवून पाहा. लोकनीतीच्या सर्वेक्षणांत मतदाराला नमुना मतपत्रिका देऊन ती घडी घालून पेटीत टाकायला सांगतात, म्हणजे तोंडाने काही बोलावे लागत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात ही सोय कोणालाही करता येते.

शिकलेल्या लोकांविषयी एक सूचना. पक्षनिष्ठा ही खेड्यातली आणि कमी शिकलेल्यांची गोष्ट आहे, असे शहरी वाचकांना वाटते. राजकारणाची माहिती जास्त असणारे लोकच पुष्कळदा अधिक कट्टर असतात, कारण आपल्या बाजूचा युक्तिवाद शोधण्याची साधने त्यांच्याकडे जास्त असतात. तुमच्या यादीत प्राध्यापक, डॉक्टर किंवा बँक अधिकारी आले तर त्यांनाही वडिलांच्या चिन्हाचा तोच प्रश्न विचारा. 'मी मुद्द्यांवर मत देतो' असे सांगणारे या प्रश्नावर थोडे अडखळतात, आणि मग बहुतेकांना एखादी शाखा, एखादे शिबिर किंवा महाविद्यालयातील एखादा मित्र आठवतो.

हे सगळे एकदा करून थांबू नये. पुढच्या जिल्हा परिषद निवडणुकीनंतर साधारण दोन महिन्यांनी त्याच माणसांकडे पुन्हा जावे, जवळिकीचा पहिला आणि नकाराचा तिसरा असे दोनच प्रश्न पुन्हा विचारावेत, आणि नवी उत्तरे जुन्या नोंदीशेजारी लिहावीत. नोंदवहीत नावे नसल्यामुळे घराची खूण व वय यांवरून माणूस ओळखता येईल इतपत टिपण पहिल्या भेटीतच करून ते स्वतंत्र, कुलूपबंद कागदावर ठेवावे लागेल, आणि दुसरी फेरी संपताच तो कागद फाडून टाकावा लागेल.